अफगाण कादंबऱ्यांतला अपराध, मैत्री आणि प्रायश्चित्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचक, वाचनकट्टे चालवणारे आणि एम.ए.ला हा विषय घेतलेले विद्यार्थी पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न ४ पासून कथानकं उघड होतात. पुस्तकं अजून वाचली नसतील तर पहिले तीन प्रश्न वाचा आणि आधी पुस्तक हातात घ्या.

१. अफगाण कथासाहित्य म्हणजे नेमकं कुठल्या भाषेतलं? बहुतेक नावं तर इंग्रजी दिसतात.

अफगाणिस्तानच्या दोन मुख्य भाषा म्हणजे दारी (तिकडची फारसी) आणि पश्तो. पण आपल्यापर्यंत पोचलेली बरीच पुस्तकं इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहिलेली आहेत, कारण युद्धांनी लेखकांना देशाबाहेर फेकलं. खालिद हुसैनी 1965 साली काबूलमध्ये जन्मले. वडील परराष्ट्र सेवेत होते, त्यामुळे कुटुंब 1976 मध्ये पॅरिसला गेलं आणि 1980 मध्ये अमेरिकेत आश्रयाला. ते इंग्रजीत लिहितात. अतीक रहीमी 1962 चे, तेही काबूलचे. ऐंशीच्या दशकात ते फ्रान्सला पोचले. त्यांची सुरुवातीची पुस्तकं दारीत आहेत आणि 2008 साली गाँकूर हा फ्रान्सचा मोठा साहित्य पुरस्कार मिळालेली कादंबरी फ्रेंचमध्ये. जमील जान कोचाई यांचा जन्म पेशावरच्या निर्वासित छावणीतला, लेखन इंग्रजीत.

हे तपशील केवळ चरित्रापुरते नाहीत. यातल्या बहुतेक पुस्तकांत निघून गेलेला माणूस मागे राहिलेल्यांबद्दल लिहितो आहे. अपराधाची टोचणी तिथूनच सुरू होते.

२. सुरुवात कुठल्या पुस्तकाने करावी?

'द काइट रनर' (2003) पासून. त्यानंतर 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' (2007). या दोन्हींचे मराठी अनुवाद मिळतात. मग रहीमींचं 'अर्थ अँड अ‍ॅशेस': एका दुपारी वाचून होईल इतकं लहान, पण घाईने वाचू नका. चौथं हुसैनींचं 'अँड द माउंटन्स एकोड' (2013). यात अनेक पात्रं आणि अनेक निवेदक आहेत, म्हणून पहिल्या वाचनाला ते जड जातं. कोण कुणाचा कोण, याची वंशावळ एका कागदावर लिहीत जा. रहीमींचं 'द पेशन्स स्टोन' आणि कोचाईंच्या कथा त्यानंतर. 'द पेशन्स स्टोन' सुरुवातीलाच वाचलं तर बहुतेकांना कोंडल्यासारखं होतं आणि पुढचं वाचायचं राहून जातं.

३. त्यासाठी इतिहास किती माहीत असायला हवा?

सहा टप्पे पुरतात. जुलै 1973: दाऊद खान राजाला हटवून सत्ता घेतात. एप्रिल 1978: कम्युनिस्ट उठाव. डिसेंबर 1979: सोव्हिएत सैन्य येतं आणि फेब्रुवारी 1989 मध्ये परत जातं. 1992: मुजाहिदीन काबूलमध्ये शिरतात आणि आपापसांतल्या लढाईत शहराची धूळधाण करतात. सप्टेंबर 1996: तालिबान काबूल घेतात, 2001 च्या शेवटी हटवले जातात. ऑगस्ट 2021: तालिबान परत येतात.

यात सगळ्यात जास्त गल्लत होते ती 1992 ते 1996 या काळाबद्दल. काबूलची घरं तालिबानने पाडली असं वाचक धरून चालतात. पण ती मुख्यतः त्याआधीच, मुजाहिदीन गटांच्या रॉकेटमाऱ्यात पडली होती.

४. 'द काइट रनर'मध्ये अमीरचा अपराध नेमका कोणता? त्याने तर काहीच केलं नाही.

काहीच केलं नाही, हाच तो अपराध. मराठीत आपण 'बघ्याची भूमिका घेतली' म्हणतो, ते इथे अक्षरशः घडतं.

1975 चा हिवाळा. काबूलच्या वजीर अकबर खान वस्तीत पतंगांची स्पर्धा आहे. बारा वर्षांचा अमीर शेवटचा निळा पतंग काटतो, आणि घरच्या नोकराचा मुलगा हसन तो पकडून आणायला धावतो. एका बोळात असेफ आणि त्याचे दोन साथीदार हसनला गाठतात. पतंग दे, सोडून देतो, असं असेफ म्हणतो. हसन देत नाही, कारण तो अमीरचा आहे. त्याच्यावर बलात्कार होतो. अमीर बोळाच्या तोंडाशी लपून पाहतो आणि पळून जातो.

पण तेवढ्यावर थांबू नका. लेखक अमीरच्या मनातली दोन वाक्यं उघडी ठेवतो आणि तीच जास्त बोचतात. एक: वडिलांचं प्रेम जिंकण्यासाठी हसन ही मोजावी लागणारी किंमत आहे, कुर्बानीचं कोकरू आहे. दुसरं: शेवटी तो एक हजाराच तर आहे ना? पहिल्या वाक्यात स्वार्थ आहे, दुसऱ्यात तो स्वार्थ माफ करून घेण्यासाठी हाताशी असलेला समाज. (हजारांबद्दल प्रश्न ७ पाहा.) नुसतं 'अमीर भित्रा होता' म्हटलं की ही दोन्ही वाक्यं पुसली जातात.

५. चोरी केली नसताना हसन 'हो, मीच केली' असं का म्हणतो?

तेराव्या वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि काही नोटा अमीर हसनच्या गादीखाली ठेवतो, आणि चोरीचा आळ घेतो. बाबा विचारतात, तू चोरलंस? हसन म्हणतो, हो.

हसनने खरं सांगितलं असतं तर बाबांनी त्याच्यावरच विश्वास ठेवला असता, कारण हसन खोटं बोलत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे अमीर खोटा ठरला असता. तो एक शब्द उच्चारून हसन त्याला दुसऱ्यांदा वाचवतो. त्याच क्षणी अमीरला कळतं की बोळात आपण उभे होतो हेही हसनला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो गप्प राहिला.

दुसरा धक्का बाबांकडून बसतो. जगात पाप एकच, चोरी. बाकीची सगळी पापं तिचीच रूपं, असं शिकवणारा हा माणूस हसनला जागच्या जागी माफ करून टाकतो. का, ते पुस्तकात फार उशिरा कळतं (प्रश्न १०). हसनचा बाप अली मात्र थांबायला तयार होत नाही. बापलेक पावसात घर सोडतात.

६. ज्याच्यामुळे मन खातंय त्यालाच अमीर आणखी छळतो. हे पटत नाही.

डाळिंबांचा प्रसंग पुन्हा वाचा. टेकडीवर अमीर हसनला डाळिंबं फेकून मारतो. मार मला, मार, असं ओरडत राहतो. त्याला शिक्षा हवी आहे. हसन एक डाळिंब उचलतो, चालत जवळ येतो आणि ते स्वतःच्याच कपाळावर फोडतो.

अपराध्याला सगळ्यात असह्य होतो तो समोरच्याचा चांगुलपणा. हसन रोज सकाळी नाश्ता मांडतो, कपडे इस्त्री करून ठेवतो, आणि प्रत्येक वस्तू अमीरला बोळाची आठवण करून देते. हसन घरात आहे तोवर ती टोचणी जाणार नाही, म्हणून हसनला घालवायचं: इतका सरळ हिशेब आहे. मुलं असं करतात. मोठी माणसंही करतात.

७. मालकाचा मुलगा आणि नोकराचा मुलगा, याला मैत्री म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर वाद व्हायलाच हवा. हजारा हे मुख्यतः शिया, मध्य अफगाणिस्तानच्या डोंगराळ हजाराजातचे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमीर अब्दुर रहमान खानने त्यांचा उठाव चिरडला, जमिनी घेतल्या, अनेकांना गुलाम म्हणून विकलं. गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला 1920 चं दशक उजाडलं. पुढेही शहरांतली ओझेवाल्याची, घरगड्याची कामं त्यांच्याच वाट्याला राहिली. ऑगस्ट 1998 मध्ये मजार-ए-शरीफ घेतल्यावर तालिबानने हजारांची कत्तल केली. कादंबरीतल्या हसनचं पत्र आणि त्याचा मृत्यू तालिबानच्या याच राजवटीतला आहे.

आता मैत्रीकडे या. दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. अमीर डाळिंबाच्या झाडाखाली हसनला गोष्टी वाचून दाखवतो. पण हसनला वाचता येत नाही, आणि अमीर त्याला वाचायला शिकवत नाही. कठीण शब्दाचा खोटा अर्थ सांगून त्याची गंमत करतो. हसनच्या बाजूने ही मैत्री संपूर्ण आहे. अमीरच्या बाजूने ती चार भिंतींच्या आतली आहे, दुसरी मुलं खेळायला आली की संपणारी. आपल्याकडे गावातल्या वाड्यांवर वाढलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागू नये.

मोठेपणी हसन स्वतःहून लिहावाचायला शिकतो आणि अमीरला पत्र पाठवतो. हसनचा स्वतःच्या शब्दांतला आवाज आपल्याला तिथेच काय तो ऐकू येतो, आणि तेव्हा तो जिवंत नसतो.

८. पाप, गुन्हा, प्रायश्चित्त यांना दारी-पश्तोत कोणते शब्द आहेत? मराठी शब्द वापरले तर चालतात का?

चालतात, पण एका ठिकाणी पाय घसरतो. मराठी 'गुन्हा' हा फारसी 'गुनाह'वरूनच आला. आपल्याकडे तो पोलीस चौकीत दाखल होतो; दारीत 'गुनाह' म्हणजे देवासमोरचं पाप, आणि कायद्यातल्या गुन्ह्याला 'जुर्म' म्हणतात. अमीरच्या हातून जुर्म एकही घडलेला नाही. गुनाह घडला आहे. अनुवादात सरसकट 'गुन्हा' लिहिलं की हा भेद हरवतो. 'तौबा'चंही तसंच. आपली 'तोबा तोबा' उद्गारापुरती उरली, पण मूळ अर्थ वाईट वाटेवरून मागे फिरणं असा आहे.

'नंग' आणि 'नामूस' म्हणजे इज्जत आणि अब्रू, विशेषतः घरातल्या बायकांची. अमीरचे सासरे जनरल ताहेरी हे शब्द जपमाळेसारखे ओढतात.

पश्तूनांत 'ननवाते' ही रीत आहे. चूक करणारा ज्याचं वाईट केलं त्याच्या दारी जातो, बकरं नेतो, कधी घरातल्या बायका कुराण घेऊन सोबत जातात, आणि माफी मागतो. दारी आलेल्याला परत पाठवणं कमीपणाचं मानतात. या रीतीला दार लागतं, आणि दारात उभं राहणारं माणूस लागतं. या कादंबऱ्यांत ते माणूस बहुतेक वेळा मेलेलं असतं. अमीर पोचतो तेव्हा हसन नाही. 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स'मध्ये मरियमच्या वडिलांचं पत्र तिच्या सवतीच्या, लैलाच्या, हाती येतं तेव्हा मरियम नाही (प्रश्न १२). माफी देऊ शकणारा एकमेव माणूस गेल्यावर अपराध्याने काय करायचं, हा या साहित्याचा खरा प्रश्न आहे.

'प्रायश्चित्त' शब्द वापरताना एवढंच सांभाळा की आपल्या शास्त्रातल्या प्रायश्चित्ताला ठरलेला विधी असतो आणि शेवटी शुद्धी असते. इथे शुद्धीची हमी कुणी देत नाही.

९. असेफ मारत असताना अमीर हसतो. तिथे त्याचं प्रायश्चित्त पूर्ण झालं, असं लिहिलं तर चालेल का?

परीक्षेच्या उत्तरांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते. मोठेपणी अमीर हसनच्या मुलाला, सोहराबला, सोडवायला काबूलला येतो, तेव्हा तो तालिबानमध्ये गेलेल्या असेफच्या ताब्यात असतो; हा मार तिथला. हसण्याचं कारण खरं आहे: टेकडीवर जी शिक्षा हसनने दिली नाही ती आता मिळते आहे, आणि 1975 नंतर पहिल्यांदा अमीरला हलकं वाटतं. लेखकाने जुळणीही नेटकी केली आहे. मार लागून अमीरचा वरचा ओठ मधोमध फाटतो, हसनच्या दुभंगलेल्या ओठासारखा. लहानपणी हसनने गलोल रोखून असेफला 'एकाक्ष' करण्याची धमकी दिली होती. ती हसनचा मुलगा सोहराब खरी करतो.

पण हलकं वाटणं ही अमीरची सोय झाली. सोहराबला त्याने काय मिळालं? त्यानंतर इस्लामाबादमध्ये काय होतं ते पाहा. अनाथाश्रमात परत पाठवणार नाही असा शब्द अमीरने त्याला दिलेला आहे. दत्तकाची कागदपत्रं जमत नाहीत म्हणून तो तो शब्द मागे घेतो, आणि सोहराब न्हाणीघरात स्वतःच्या मनगटावर वस्तरा चालवतो. एकदा मार खाऊन कर्ज फिटत नाही.

त्या मारापेक्षा दोन लहान गोष्टींना जास्त वजन द्यावं, असं आम्हाला वाटतं. काबूलच्या वाटेवर वहीदच्या गरीब घरी मुक्काम होतो. घरातली मुलं अमीरच्या घड्याळाकडे टक लावून पाहतात असं त्याला वाटतं, म्हणून तो ते देऊन टाकतो. मग समजतं की मुलं त्याच्या ताटाकडे पाहत होती. घरातलं अन्न पाहुण्याला वाढलं होतं. सकाळी निघताना तो नोटांचा चुरगळलेला गठ्ठा गादीखाली सरकवतो. पुन्हा घड्याळ, पुन्हा गादी, पुन्हा नोटा. सव्वीस वर्षांपूर्वी याच तीन वस्तूंनी एक घर उद्ध्वस्त केलं होतं.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या जेवणाच्या टेबलावरची. जनरल ताहेरी सोहराबला 'हजारा पोरगा' म्हणतात. अमीर सांगतो, माझ्यासमोर त्याला पुन्हा असं म्हणायचं नाही. त्याला नाव आहे, सोहराब. 'शेवटी तो एक हजाराच तर आहे' या बोळातल्या वाक्याला हे उत्तर आहे. इथे रक्त सांडत नाही म्हणून ते नजरेतून निसटतं.

१०. बाबाचा अपराध कोणता आणि त्याने तो फेडला का?

हसन हा बाबाचाच मुलगा, अलीच्या पत्नीपासून झालेला. बाबाने अलीला फसवलं, हसनला बाप नाकारला, अमीरला भाऊ नाकारला. चोरीबद्दलचा त्याचा धडा त्याच्यावरच उलटतो. पण त्याच अपराधाच्या भावनेतून त्याने अनाथाश्रम बांधला, गरिबांना हात दिला. अपराधातून चांगलं काही उभं राहिलं तर तेच खरं प्रायश्चित्त, असं बाबाचा मित्र रहीम खान अमीरला लिहिलेल्या पत्रात म्हणतो. हे मत रहीम खानचं आहे. लेखकाचा निकाल म्हणून ते उद्धृत करू नका. अनाथाश्रमातल्या मुलांचं भलं झालं, हसन मात्र नोकरांच्या खोलीतच राहिला.

११. मग शेवट सुखाचा समजायचा का?

मार्च 2002, फ्रीमाँटची बाग. जवळपास वर्षभर न बोललेला सोहराब पतंग उडताना ओठाच्या एका कडेने जेमतेम हसतो. अमीर काटलेल्या पतंगामागे धावतो. एवढंच. अमीर स्वतःच सांगतो की या हसण्याने काही ठीक झालेलं नाही. नोकराच्या मुलाने मालकासाठी केलेलं काम आता मालक हसनच्या मुलासाठी करतो आहे, हा उलटलेला क्रम महत्त्वाचा. सुख की दुःख ही चौकट इथे बसत नाही.

१२. बायकांच्या गोष्टींत हेच सूत्र दिसतं का?

दिसतं, पण सुरुवातच वेगळी होते: बायकांच्या माथी न केलेला अपराध मारलेला असतो. 'सन्स'मधली मरियम 'हरामी' म्हणून जन्मते. पंधराव्या वर्षी वडिलांना, जलीलला, भेटायला ती पायी हेरातला जाते. परत येते तर आईने गळफास घेतलेला असतो. पुढे आयुष्यभर ती हे ओझं वाहते. खरा अपराधी जलील. तो तिला दारात झोपू देतो, मग काबूलच्या रशीदशी तिचं लग्न लावून मोकळा होतो. वर्षांनी तो काबूलला येतो, तिच्या घराबाहेर थांबतो. ती दार उघडत नाही. ननवाते इथे घडू शकली असती. दार होतं, माणूसही होतं. ती माफी न देण्याचा पूर्ण हक्क कादंबरी मरियमला देते, आणि नंतर तिला वाटणारी हळहळही लपवत नाही.

मैत्रीचं सांगायचं तर मरियम आणि लैला या सवती आहेत. मरियमला लैला नकोशी असते. फरक पडतो तो लैला तिला रशीदच्या पट्ट्यापासून वाचवायला मध्ये पडते तेव्हा. मग मरियम बाळासाठी शिवलेले कपडे आणून देते, आणि रात्री अंगणात दोघी चहा-हलवा घेऊन बसतात. ती पानं सावकाश वाचा. फावड्याचा प्रसंग आणि गाझी स्टेडियममधला शेवट त्या चहावर उभा आहे.

१३. प्रायश्चित्त होतच नाही, अशा कथा आहेत का?

आहेत, आणि आमच्या मते त्या अधिक खोल जातात.

'माउंटन्स'मधला इद्रीस अमेरिकेतला डॉक्टर. 2003 मध्ये तो काबूलला जातो. रोशी नावाच्या मुलीच्या डोक्याला भयंकर जखम आहे. शस्त्रक्रियेची सोय करतो असं तो वचन देतो. कॅलिफोर्नियात परतल्यावर काम, घर, नवा होम थिएटर. नर्सच्या ईमेलला उत्तर द्यायचं राहतं. मग टाळायचं होतं. वर्षांनी रोशी लेखिका झालेली भेटते. उपचारांचा खर्च इद्रीसच्या बढाईखोर चुलतभावाने केलेला असतो. पुस्तकावर सही करताना ती लिहिते: काळजी करू नका, तुम्ही यात नाही. माफी नाही, शिक्षा नाही, उल्लेखसुद्धा नाही. परदेशात राहून गावाकडच्यांना काहीबाही कबूल करून बसलेल्या वाचकांना हे प्रकरण विशेष लागतं.

त्याच पुस्तकातली परवाना जुळ्या बहिणीला झाडावरून पाडते. बहीण पंगू होते, परवाना वर्षानुवर्षं तिची सेवा करते. शेवटी बहिणीच्याच सांगण्यावरून तिला वाळवंटात सोडून येते. सेवा प्रायश्चित्त होती, की सोडून येणं हा दुसरा अपराध? दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो.

रहीमींच्या 2011 च्या कादंबरीत रसूल यादवीतल्या काबूलमध्ये एका म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो आणि दोस्तोयेव्हस्कीच्या नायकासारखी शिक्षा मागत फिरतो. पण रोज शेकडो मरत असलेल्या शहरात त्याचा खून कुणी मनावरच घेत नाही. अपराध मान्य करायलाही ऐकून घेणारा समाज लागतो. तो नसेल तर कबुली हवेत विरते. रसूलचा तर आवाजच जातो.

'द पेशन्स स्टोन'मध्ये मानेत गोळी लागून निपचित पडलेल्या नवऱ्याजवळ बायको एकेक गुपित बोलत जाते. 'संग-ए-सबूर' हा लोककथेतला दगड: त्याच्याजवळ दुःख सांगावं, तो शोषून घेतो, आणि एके दिवशी फुटतो. इथे कबुली म्हणजे पश्चात्ताप नव्हे, सुटका आहे. तिला कुणाची माफी नको आहे.

१४. काबूलची पतंगबाजी आपल्या संक्रांतीसारखीच असते का?

बरीचशी. तिकडे पतंगाला 'गुडीपरान' म्हणतात, दोराला 'तार'. काचेची पूड आणि डिंकासारखा चिकट पदार्थ लावून तो सुकवतात, म्हणजे आपला मांजाच. येवल्यात आसारी (दोराची फिरकी) धरणारा जोडीदार जसा लागतो तशी तिथेही जोडी असते: एक उडवतो, दुसरा दोर सांभाळतो. हिवाळ्यात शाळांना लांब सुट्टी असते, तोच मोसम.

कथेसाठी कामाचं इतकंच की पेच जिंकणाऱ्याच्या बरोबरीने काटलेला पतंग पकडून आणणाऱ्याला मान असतो, आणि सर्वात शेवटी पडलेला पतंग म्हणजे घरात मिरवायची वस्तू. म्हणून हसन तो सोडत नाही. आणि मांजाने बोटं दोघांचीही कापतात. जिंकलेला एकच म्हणवला जातो. तालिबानने त्यांच्या पहिल्या राजवटीत पतंगबाजीवर बंदी घातली होती.

१५. 'द काइट रनर' ही हुसैनींची स्वतःची गोष्ट आहे का?

नाही. काबूलचं बालपण, निर्वासित म्हणून कॅलिफोर्नियात येणं, हे सामान त्यांच्या आयुष्यातलं आहे. पण अमीर 1981 मध्ये रात्रीच्या अंधारात टँकरच्या पोटात बसून पळतो; हुसैनींचं कुटुंब 1976 पासूनच देशाबाहेर होतं. ती सुटका कशी वाटली असेल, हे त्यांना कल्पनेने लिहावं लागलं. मागे काय राहिलं याची बोच अशाने कमी होत नाही.

१६. अफगाण वाचकांचे या कादंबरीवर आक्षेप काय आहेत?

तीन मुख्य. पहिला: पश्तून-हजारा दरी अशी चव्हाट्यावर आणून भांडण लावलं. चित्रपट 2007 मध्ये आला तेव्हा हिंसेच्या भीतीने बालकलाकारांना प्रदर्शनाआधी देशाबाहेर हलवावं लागलं, आणि अफगाणिस्तानात त्यावर बंदी आली. दुसरा: हसन इतका निर्मळ आहे की तो माणूस न राहता अमीरच्या सुधारणेचं साधन होतो. हा आक्षेप आम्हाला बऱ्याच अंशी मान्य आहे. तिसरा: असेफ हिटलरभक्तही, तालिबानही, बालशोषकही; सगळं वाईट एकाच माणसात कोंबल्याने बाकीचा समाज सुटतो. याला पुस्तकात थोडं उत्तर आहे, कारण 'तो हजाराच तर आहे' हे वाक्य असेफचं नाही, अमीरचं आहे.

१७. वाचनकट्ट्यात 'द काइट रनर' घ्यायचं आहे. काय काळजी घ्यावी?

बलात्कार, आत्महत्येचा प्रयत्न आणि दगडांनी ठेचून मारण्याचा प्रसंग आहे, हे निमंत्रणातच लिहा. शाळकरी गटाला संपूर्ण पुस्तक देऊ नका. थोरल्या मुलांनाही आधी कल्पना द्या. कुणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर कारण विचारू नका.

दोन बैठका ठेवा. पहिली अली-हसन घर सोडतात तिथपर्यंत, दुसरी पुढची. एकाच बैठकीत सगळं घेतलं की चर्चा शेवटच्या मारामारीवर घसरते आणि बोळ राहून जातो. पहिल्या बैठकीत 'तुम्ही अमीरच्या जागी काय केलं असतं?' हा प्रश्न टाळा. सगळे शूर होतात. त्याऐवजी गादीखाली घड्याळ ठेवण्याचं प्रकरण मोठ्याने वाचा आणि विचारा, या खोलीत कुणाला काय माहीत आहे? अमीर, हसन, अली, बाबा, प्रत्येकाला वेगळं माहीत आहे. अर्धा तास यातच जातो आणि तो सत्कारणी लागतो.

दुसऱ्या बैठकीत अमीरच्या बायकोला, सोरायाला, विसरू नका. लग्नाआधी ती आपलं गुपित स्वतःहून अमीरला सांगते. अमीर तेव्हाही बोलत नाही; तिला सगळं सांगायला त्याला पंधरा वर्षांवर काळ आणि पाकिस्तानातला एक फोन लागतो.

१८. काहीच चुकीचं केलेलं नसताना अपराधी वाटणारी पात्रं कुठे बसवायची?

वेगळा वर्ग करा: वाचल्याचा अपराध. प्रश्न ४ ते १३ मधली चौकट त्याला लावू नका, कारण इथे फेडायचं काय हेच ठरत नाही.

'अर्थ अँड अ‍ॅशेस'मधला म्हातारा दस्तगीर नातू यासीनला घेऊन रस्त्याच्या कडेला वाहनाची वाट पाहतो आहे. बॉम्बहल्ल्यात घरचे सगळे गेले, आणि ही बातमी त्याला खाणीत काम करणाऱ्या मुलाला, मुरादला, सांगायची आहे. यासीन स्फोटाने बहिरा झाला आहे, पण ते त्याला कळलेलं नाही. त्याला वाटतं, रणगाड्यांनी सगळ्या लोकांचे आवाज काढून नेले. संपूर्ण पुस्तक 'तू' ला उद्देशून लिहिलं आहे: तू बसला आहेस, तू विचार करतो आहेस. दस्तगीरने काय चूक केली? फक्त जिवंत राहिला.

कोचाईंच्या 2022 च्या संग्रहात पुढच्या पिढीची गोष्ट आहे. अमेरिकेतला एक अफगाण मुलगा खोली बंद करून व्हिडिओ गेम खेळतो. गेम सोव्हिएत काळातल्या अफगाणिस्तानातला आहे. खेळता खेळता तो नकाशावर वडिलांच्या लोगर प्रांतातल्या गावात पोचतो. तिथे तरुणपणीचे वडील आहेत, आणि त्या युद्धात मारला गेलेला काका आहे, अजून जिवंत. मुलगा ठरलेली मोहीम सोडून देतो आणि त्या दोघांना तिथून बाहेर काढायची धडपड सुरू करतो. दाराबाहेर खरे वडील, म्हातारे आणि अंगदुखीने बेजार, त्याला हाका मारत असतात.